अतिस्रावावरील औषधांची परीक्षा

गेल्या हनुक्काच्या दिवसांत आमच्या येथील प्रार्थनालयात स्नेहसंमेलन होते. दिवे लावून झाले, फराळ झाला, आणि स्त्रिया खुर्च्या आवरू लागल्या असता एका तरुण भगिनीने आम्हांस हळूच स्वयंपाकघराच्या बाजूस बोलाविले. ही मुलगी २०१३ मध्ये ठाण्याहून अश्दोदला आली. तिची थोरली कन्या आमच्या वर्गात होती, म्हणून ती अद्याप आम्हांस 'बाई' म्हणते. तिने पर्समधून गोळ्यांच्या तीन पट्ट्या काढून ओट्यावर मांडल्या. एक येथल्या डॉक्टरांनी लिहून दिलेली, एक ठाण्याहून तिच्या आईने येणाऱ्याबरोबर पाठविलेली, आणि एक शेजारणीने आपल्या कपाटातून काढून दिलेली. "बाई, चार महिने झाले, पाळी आली की दहा-दहा दिवस थांबत नाही. यांतले चांगले औषध कोणते ते सांगा. म्हणजे तेवढेच घेईन."

आम्ही डॉक्टर नव्हे. १९८८ साली अध्यापन पदविका घेतलेल्या व तेव्हापासून मुलांना गणित शिकवीत आलेल्या आम्ही एक साध्या शिक्षिका आहोत. परंतु हा विषय असा आहे की त्यात आम्ही बरीच वर्षे विद्यार्थिनी म्हणून काढली आणि प्रारंभी नापासही झालो. तेव्हा त्या मुलीला ओट्याजवळ उभ्या उभ्या जे सांगता आले नाही, ते येथे तिच्या अनुमतीने लिहीत आहोत. आपल्या पत्रिकेत लग्ने, बारशी, निधनवार्ता आणि पाककृती यांना जागा असते. स्त्रियांच्या या दुखण्याला ती आजवर ओट्याजवळच मिळत आली. संपादकांनी हे पान दिले याबद्दल आम्ही त्यांच्या आभारी आहोत. पुरुष वाचकांनी पान उलटू नये, अशी विनंती आहे. घरात हिमोग्लोबिन ज्यांचे उतरते त्यांच्याच हातचे ते जेवत असतात.

प्रथम एक विचित्र गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्या समाजात दिवस मोजण्याची विद्या स्त्रीला घरातच मिळत आली आहे. कितवा दिवस, कधी थांबले, शुद्धतेचे सात दिवस कधी पुरे होतात, हे आमच्या आजीला कोणत्याही पंचांगावाचून ठाऊक असे. तोरामध्येही वाईक्रा ग्रंथाच्या १५व्या अध्यायात नेहमीच्या पाळीचा रक्तस्राव आणि पाळीची वेळ नसता किंवा तिच्या मुदतीपलीकडे चालणारा स्राव यांत स्पष्ट भेद केला आहे. म्हणजे 'हे नेहमीचे नव्हे' ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. पण दिवस मोजले गेले, रक्त कोणी मोजले नाही. किती गेले म्हणजे जास्त, हा प्रश्न आमच्या आईलाही कोणी विचारला नाही आणि तिनेही तो कोणाला विचारला नाही.

आमचे घर रेवदंड्यास होते. १९८२ साली आम्ही १४ वर्षांच्या होतो आणि आई ४१ वर्षांची. जुन्या सुती लुगड्याच्या घड्या ती पहाटे अंधारात विहिरीवर धूत असे, कारण दिवस उजाडल्यावर ते पाणी कोणाच्या दृष्टीस पडू नये. पाळीच्या दिवसांत ती भिंतीला धरून चाले. चेहरा तांदळाच्या पिठासारखा पांढरा. शेजारणी म्हणत, "अंगावरून जास्त जातं, उष्णता असेल." धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा, कोरफड, सगळे झाले. एका शब्बाथच्या संध्याकाळी ती चुलीपुढे कोसळली आणि भाताचे आधण अंगावर सांडता सांडता राहिले. मग मुंबईस नेले. तेथे आधी पिशवी साफ केली, दोन बाटल्या रक्त चढविले, लोहाची इंजेक्शने दिली. आणि पाच महिन्यांनी पिशवीच काढून टाकली.

त्या शस्त्रक्रियेची आम्ही निंदा करीत नाही. आई त्यानंतर ३६ वर्षे जगली आणि रक्ताचा थेंबही न पाहता सुखाने जगली. तिच्या पोटात मोठी गाठ होती. कदाचित दुसरा मार्ग नव्हताही. आमची हळहळ एवढीच की मार्ग किती आहेत हे तिला कोणी सांगितलेच नाही. रक्तस्राव कमी करणारे एक चांगले औषध तेव्हा जगात २० वर्षांचे झाले होते. त्याची कथा पुढे सांगू.

आता आमची स्वतःची पाळी. २०१४ साली आम्ही ४६ वर्षांच्या होतो. वर्षभरापासून आम्ही काळ्या व गडद निळ्या झग्यांवाचून दुसरे काही शाळेत घालीत नव्हतो. वर्गात खुर्चीवर बसणे सोडले होते. मुलांना वाटे, बाई उत्साही आहेत म्हणून उभ्या राहून शिकवितात. दर ४० मिनिटांनी घंटा होई आणि आम्ही मुलांच्या आधी वर्गाबाहेर पडत असू. शाळेच्या वार्षिक सहलीत, ज्याला येथे 'तियूल' म्हणतात, नेगेवमधील एका उघड्या माळावर आमची जी अवस्था झाली तिचे वर्णन करीत नाही. एका सहकारी शिक्षिकेने आपले जाकीट आमच्या कमरेला बांधले, एवढे पुरे.

त्यानंतर आम्ही दवाखान्यात गेलो. ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी आमचे वय पाहिले, "या वयात होतेच" असे म्हटले आणि लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. दोष सर्वस्वी त्यांचा होता असेही नाही. मराठीत आपण ज्यांना 'गाठी पडणे' म्हणतो, त्या रक्ताच्या गाठींना हिब्रूत काय म्हणावे हे आम्हांस ठाऊक नव्हते. १९ वर्षे या देशात काढली, मुलांना अपूर्णांक आणि दशांश हिब्रूत शिकविले, पण हा शब्द कधी लागला नव्हता. आम्ही 'गुश' म्हणालो. त्याचा अर्थ गोळा, गठ्ठा. डॉक्टरांनी पोट चाचपले, गोळा काही लागला नाही, आणि विषय संपला.

दुसऱ्या डॉक्टर भेटल्या त्या तरुण होत्या. त्यांनी आम्हांस एक कागद दिला. त्यावर पॅडची चित्रे होती: किंचित डागलेले, अर्धे भिजलेले, पूर्ण भिजलेले. पुढे दिवसांचे रकाने. पहिल्या प्रकाराला १ गुण, दुसऱ्याला ५, तिसऱ्याला २०. लहान गाठीला १, मोठीला ५. पाळी संपल्यावर बेरीज करावयाची. बेरीज १०० वर गेली तर रक्त प्रमाणाबाहेर जात आहे असे समजावे. ही पद्धत १९९० साली इंग्लंडमधील डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांवर गुण देणाऱ्या आम्ही त्या महिन्यात स्वतःचा पेपर तपासला. बेरीज ३१२ आली. आम्ही ती दोनदा करून पाहिली.

हे १०० गुण कोठून आले तेही सांगण्यासारखे आहे. १९६०नंतरच्या दशकात स्वीडनमधील गोटेनबर्ग शहरी संशोधकांनी स्त्रियांकडून पाळीतील वापरलेली फडकी गोळा केली, ती कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात भिजवून त्यांतील रक्ताचे मोजमाप केले. निष्कर्ष १९६६ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वसाधारण स्त्रीचे एका पाळीत ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते, म्हणजे चहाचे सहा-आठ चमचे. ८० मिलिलिटरच्या वर गेले की शरीरातील लोह भरून निघत नाही. १०० गुण म्हणजे साधारण ते ८० मिलिलिटर. आईने विहिरीवर अंधारात धुतले ते किती चमचे होते, हा विचार त्या रात्री आम्हांस झोपू देईना.

रक्ततपासणीत हिमोग्लोबिन ७.४ निघाले. डॉक्टरांनी तरीही औषध लगेच लिहिले नाही. आधी कारण शोधू, म्हणाल्या. २०११ साली स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने या दुखण्याच्या कारणांची एक वर्गवारी मान्य केली आहे. एका बाजूस डोळ्यांनी किंवा यंत्राने दिसणारी कारणे: मोड, गाठी, अस्तर स्नायूत शिरणे, कर्करोग. दुसऱ्या बाजूस न दिसणारी: रक्त गोठण्यातील दोष, बीज वेळेवर न सुटणे, अस्तराचाच बिघाड, घेत असलेल्या औषधांचा परिणाम. वय ४५ उलटले असल्याने अस्तराचा तुकडा तपासणीस पाठविला. सोनोग्राफी झाली, थायरॉइड झाले. मग त्यांनी विचारले, "तुमचे घराणे कोठले?" या देशात हा प्रश्न केवळ गप्पांचा नाही. अश्केनाझी व इराकी ज्यूंमध्ये रक्त गोठविणाऱ्या अकराव्या घटकाची उणीव इतरांहून अधिक आढळते, आणि ती कधी पाळीतच प्रथम प्रकट होते. आम्ही म्हटले, "कोकण." त्यांनी ते कसे लिहावयाचे ते विचारून लिहून घेतले.

आमच्या बाबतीत दोन लहान गाठी आणि वयापरत्वे बीज सुटण्यातील अनियमितता, एवढेच निघाले. तेव्हा आमच्यापुढे औषधांची यादी आली, आणि आम्ही अगदी तोच प्रश्न विचारला जो त्या मुलीने ओट्याजवळ आम्हांस विचारला: यांतले चांगले कोणते?

शिक्षकी पेशामुळे आम्हांस उत्तराआधी परीक्षा पाहावयाची सवय आहे. कोणी कोणाबरोबर, कोणत्या प्रश्नपत्रिकेवर परीक्षा दिली? एक परीक्षा आम्हांस फार आवडते. १९९६ साली डब्लिन येथील डॉक्टरांनी अतिस्रावाचा त्रास असणाऱ्या ७६ स्त्रियांना तीन गटांत विभागले व तीन वेगवेगळी औषधे पाळीच्या दिवसांत दिली. पहिले इथामसायलेट, दुसरे मेफेनामिक आम्ल, तिसरे ट्रॅनेक्सामिक आम्ल. प्रत्यक्ष रक्त मोजले. इथामसायलेटने काहीच घट झाली नाही. मेफेनामिकने २० टक्के झाली. ट्रॅनेक्सामिकने ५४ टक्के. ठाण्याहून त्या मुलीच्या आईने मायेने पाठविलेली पट्टी पहिल्या औषधाची होती. वर्षानुवर्षे लिहिले जाणारे, घराघरांत विश्वासाने ठेवलेले औषध मोजमापाच्या पेपरात कोरे निघाले. आणि या परीक्षेपूर्वी असंख्य स्त्रियांनी ते घेऊन 'मलाच गुण येत नाही' असे मानले असेल.

मेफेनामिकविषयी मात्र अन्याय होऊ नये. या वर्गातील गोळ्या मुळात वेदनेच्या आहेत. ज्या स्त्रीला रक्त बेताचे पण कळा असह्य, तिच्यासाठी २० टक्क्यांचा हा विद्यार्थी दुसऱ्या विषयात अव्वल ठरतो. जठरव्रण किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र तो दूर ठेवावा.

आता ट्रॅनेक्सामिकची कथा. येथे ते 'हेक्साकाप्रोन' या नावाने मिळते; मुलीजवळची येथल्या डॉक्टरांची पट्टी तीच होती. हे औषध जपानमध्ये शोधले गेले आणि १९६२ साली प्रसिद्ध झाले. शोध लावणाऱ्या उताको ओकामोतो या बाई व त्यांचे पती शोसुके ओकामोतो. युद्धानंतरचे दिवस होते, प्रयोगशाळेत पैसा नव्हता. रक्तावर संशोधन करावयाचे ठरविले याचे एक कारण असे की स्वतःचे रक्त फुकट मिळते. मूल सांभाळावयास कोणी नसे, म्हणून उताकोबाई कन्येला पाठीशी बांधून प्रयोग करीत. शरीरात रक्त गोठल्यावर तो गोठा विरघळविणारी एक यंत्रणा असते. ती काही काळ रोखून धरणे हे या औषधाचे काम. त्यात संप्रेरक नाही. पाळीचा स्राव जोराचा असेल तेव्हाच, साधारण चार-पाच दिवस, दिवसातून तीनदा घ्यावयाचे. मग पुढच्या पाळीपर्यंत नाही. ज्यांना पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली होती त्यांनी ते घेऊ नये. मूत्रपिंड अधू असेल तर मात्रा डॉक्टर कमी करतात. उताकोबाई २०१६ मध्ये ९८व्या वर्षी वारल्या. बाळंतपणातील रक्तस्रावाने स्त्रिया दगावू नयेत म्हणून त्यांची फार इच्छा होती. त्याविषयीचा २०,००० स्त्रियांवरील मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि औषध लवकर दिल्यास अशा मृत्यूंचे प्रमाण कमी होते असे त्यात दिसले. तो त्यांस पाहावयास मिळाला नाही.

शेजारणीने दिलेली तिसरी पट्टी नॉरएथिस्टेरोनची होती. हे संप्रेरक. वाहता स्राव थांबविण्यास ते उपयोगी पडते, हे खरे. पण नेहमीसाठी घ्यावयाचे तर कसे घेतले यावर सारे अवलंबून आहे. पूर्वी ते पाळीच्या आधीचे दहा-बारा दिवस देण्याचा प्रघात होता. पुढे मोजमाप झाले तेव्हा त्या पद्धतीने जेमतेम लाभ होतो असे आढळले. तेच औषध पाचव्या दिवसापासून २१ दिवस घेतले तर स्राव पुष्कळ कमी होतो. म्हणजे गोळी तीच, वेळापत्रक चुकले की नापास. पोट फुगणे, छाती दुखणे, मन उदास होणे हा त्याचा भुर्दंड. आणि शेजारणीला तो कशासाठी दिला होता, हे शेजारीण स्वतःच विसरली होती!

संततिनियमनाच्या संयुक्त गोळ्यांविषयी थोडक्यात: तरुण, सडपातळ, सिगारेट न ओढणाऱ्या स्त्रीस त्या उत्तम लागू पडतात आणि पाळी घड्याळासारखी होते, पस्तिशीनंतर धूम्रपान करणाऱ्या, रक्तदाब असणाऱ्या, किंवा डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी येणाऱ्या स्त्रियांना त्या वर्ज्य आहेत.

राहिली ती संप्रेरकयुक्त तांबी. येथे तिला 'हेत्केन' म्हणतात. वास्तविक तिच्यात तांबे नसतेच. लेव्होनॉरजेस्ट्रेल नावाचे संप्रेरक असते, ५२ मिलिग्रॅम, आणि ते प्रारंभी रोज सुमारे २० मायक्रोग्रॅम या हिशेबाने गर्भाशयातच झिरपत राहते. १९९० साली ती प्रथम फिनलंडमध्ये मिळू लागली. अस्तर पातळ होते, स्राव ओसरतो, अनेकींची पाळी बंदही होते. मिलिलिटरच्या परीक्षेत हिच्याइतके गुण दुसऱ्या कोणत्याही औषधास नाहीत. २०२२ साली कोक्रेन संस्थेने अनेक अभ्यास एकत्र तोलून पाहिले, तेव्हा प्रथमोपचारांत पहिला क्रमांक हिचा आला; त्याखाली ट्रॅनेक्सामिकसारखी औषधे व २१ दिवसांच्या गोळ्या.

येथे एखादी वाचक भगिनी म्हणेल, मग झाले की उत्तर! आम्हीही तसेच म्हटले होते. पण २०१३ साली ब्रिटनमध्ये ५७१ स्त्रियांवर केलेल्या एका परीक्षेने आमचे डोळे उघडले. तेथे रक्त मोजलेच नाही. स्त्रियांना विचारले: घरकाम होते का, नोकरीवर जाता येते का, चारचौघांत बसता येते का, मन कसे असते? अर्ध्या स्त्रियांना तांबी, अर्ध्यांना नेहमीची औषधे. दोन वर्षांनी दोन्ही गटांतील स्त्रियांचे जीवन सुधारले होते, तांबीच्या गटात अधिक. १०० पैकी ६४ जणी तांबी ठेवून होत्या, औषधांवर ३८ टिकल्या होत्या. शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांचे प्रमाण मात्र दोहोंकडे सारखेच. आणि पाच वर्षांनी पाहिले तेव्हा दोन गटांतील अंतर पुष्कळसे पुसले गेले होते. त्याच देशाच्या आरोग्य मार्गदर्शिकेने २००७ पासून अतिस्रावाची व्याख्याच बदलली आहे: ८० मिलिलिटर नव्हे, तर ज्याने स्त्रीच्या जगण्यात व्यत्यय येतो तो अतिस्राव. आम्ही वर्गात उभ्या का राहत होतो, हा आता वैद्यकाचा प्रश्न झाला होता.

आम्ही प्रथम आठ महिने हेक्साकाप्रोन घेतले. बेरीज ३१२ वरून १४० वर आली. आम्ही खुर्चीवर बसू लागलो. पण हिमोग्लोबिन १०च्या वर जाईना, तेव्हा आम्ही हेत्केन बसवून घेतली.

पहिले चार महिने आम्ही तिला शाप दिले. स्राव थोडा, पण रोज काही ना काही डाग. इतर स्त्रीला ती केवळ कटकट वाटेल. ज्या घरात निद्दाचे नियम पाळले जातात तेथे तिचा अर्थ निराळा. सात शुद्ध दिवस मोजावयास घ्यावेत, पाचव्या दिवशी डाग दिसावा, पुन्हा पहिल्यापासून. २७ वर्षांच्या संसारात आमच्या यजमानांनी इतके दिवस आमच्या हातात चहाचा पेलाही न देता टेबलावर ठेवला नव्हता. एका रात्री ते खिडकीशी उभे राहून म्हणाले, "काढून टाक ती, तू अशी रडू नकोस." औषधाची पत्रके हा खर्च लिहीत नाहीत. शेवटी आम्ही यरुशलेमच्या 'योएत्सेत हलाखा' बाईंना फोन केला. या विषयातील धर्मनियमांचे शिक्षण घेऊन स्त्रियांना सल्ला देणाऱ्या स्त्रिया तेथील निश्मत संस्थेतून १९९९ पासून तयार होत आहेत. त्यांनी शांतपणे सर्व विचारले. कोणता डाग मोजावयाचा, कोणता नाही, कोणत्या रंगाचे वस्त्र वापरावे, तपासणी किती वेळा पुरे, हे सांगितले. आमच्या आजीला असा फोन मिळता तर! सहाव्या महिन्यात डाग थांबले. वर्षाअखेर हिमोग्लोबिन १२.६ झाले. त्या उन्हाळ्यात आम्ही फिकट पिवळा झगा घेतला.

आमची धाकटी बहीण ठाण्यास असते. २०१८ साली, ४४व्या वर्षी, तिलाही हेच सुरू झाले. आईचा वारसा म्हणावा. तेथल्या एका डॉक्टरांनी दहा मिनिटांत सांगितले, मुले झाली आहेत ना, पिशवी काढून टाका. तिने फोन केला. आम्ही म्हटले, आधी कागद भर. तिची बेरीज १६० निघाली. दुसऱ्या डॉक्टरांनी तपासण्या करून तिला ऑर्मेलॉक्सिफेन दिले. हे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधले गेलेले औषध. 'सहेली' या नावाने संततिनियमनासाठी आपल्यापैकी अनेकींना ते आठवत असेल. अतिस्रावासाठी ६० मिलिग्रॅमची गोळी १२ आठवडे आठवड्यातून दोनदा, पुढे १२ आठवडे एकदा. पाळ्या लांबल्या, स्राव उतरला, हे तिला मानवले. आम्हांस येथे जे हेत्केनने दिले ते तिला तिकडे आठवड्याच्या गोळीने दिले.

पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या बातम्या आल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. कामावर खाडा पडला की मुकादम दंड कापतो, म्हणून पाळीचाच कायमचा निकाल लावलेला. ज्यांना कोणतेही औषध तुलनेस कधी ठेवलेच गेले नाही, त्यांची संख्या ती. बहिणीने ते कात्रण आम्हांस पाठविले, त्यावर काही लिहिले नव्हते.

आता ओट्यावरच्या पट्ट्यांकडे वळू. आम्ही त्या मुलीस उलट प्रश्न विचारला: "तुला आणखी मूल हवे आहे का?" ती लाजली आणि म्हणाली, "हो बाई, तिसऱ्यासाठी आम्ही प्रयत्न करीत आहोत." एवढ्या एका वाक्याने अव्वल क्रमांकाची हेत्केन बाद झाली, संयुक्त गोळ्या बाद झाल्या, शेजारणीची पट्टी बाद झाली. राहिले हेक्साकाप्रोन, जे गर्भधारणेच्या आड येत नाही आणि पाळीच्या दिवसांतच घ्यावयाचे असते. पण ज्याअर्थी प्रयत्न चालू आहेत त्याअर्थी तो स्राव खरोखर पाळीचाच आहे ना, हे आधी तपासावयास हवे. हे तिने डॉक्टरांना सांगितले होते का? नव्हते. त्यांनी विचारले नाही, हिने सांगितले नाही. आम्ही शेजारणीची पट्टी तिच्याच हस्ते कचऱ्यात टाकविली आणि आईची पट्टी तिला टाकवेना म्हणून पर्समध्ये परत ठेवू दिली.

गेल्या आठवड्यात ती कागद भरून घेऊन आली. गर्भ नाही हे मूत्रतपासणीत ठरले होते. कागद तिने मुलीच्या जुन्या गणिताच्या वहीत चिकटविला होता, रकाने नीट आखलेले. आम्ही सवयीने तांबडे पेन उचलले, मग ते ठेवून पेन्सिल घेतली. बेरीज १८४. "बाई, गाठींना डॉक्टरांपुढे काय म्हणू?" तिने विचारले. आम्ही समासात हिब्रूत लिहून दिले: 'क्रीशे दाम'. तिने ते तीनदा म्हणून पाहिले. तिची भेटीची वेळ येत्या मंगळवारी सकाळी साडेआठची आहे. आम्हांस त्या दिवशी पहिला तास नाही, म्हणून बरोबर जाणार आहोत.